लाडकं पात्र मालिका सोडतं तेव्हा: पडद्यामागचं गणित आणि नाशिकमधली निरोपाची तयारी

सुपरहिरो मालिकेत कोणी मेलं की चाहत्यांच्या ग्रुपवर पहिला प्रश्न येतो, "खरंच गेला का रे?" शंका रास्त आहे. समांतर पृथ्वी, कालप्रवास, क्लोन, जादूटोणा अशी सगळी दारं सताड उघडी असलेल्या जगात मरण ही फारशी पक्की गोष्ट नसते. 'लेजेंड्स ऑफ टुमॉरो'च्या पहिल्याच सीझनमध्ये, 2016 साली, लेनर्ड स्नार्टने जीव देऊन बाकीच्यांना वाचवलं. त्यानंतरही स्नार्ट करणारा वेंटवर्थ मिलर या ना त्या रूपात पडद्यावर येतच राहिला. म्हणून पात्र मेलं की दुसऱ्या गावी नोकरीला गेलं, यावरून ते परत येईल की नाही याचा अंदाज बांधू नये. पात्र कसं गेलं ते कथा सांगते. का गेलं आणि परतण्याची शक्यता किती, ते नटाच्या करारावर ठरतं. तो करार आपल्या हाती पडत नाही, पण त्याच्या खुणा पडद्यावर दिसत असतात.

करार कसा असतो

अमेरिकन मालिकेत कलाकारांचे ढोबळ तीन प्रकार. 'सीरीज रेग्युलर' म्हणजे कायमचा: नाव सुरुवातीच्या मुख्य नामावलीत येतं, सीझनमधल्या ठरावीक भागांच्या मानधनाची हमी असते आणि त्या काळात त्याच्यावर पहिला हक्क मालिकेचा. 'रिकरिंग' म्हणजे लागेल तसा येणारा. आणि 'गेस्ट' म्हणजे एखाद्या भागापुरता पाहुणा.

रेग्युलरचा करार पायलट म्हणजे नमुन्याच्या पहिल्या भागाच्या वेळीच पुढच्या सहा-सात सीझनपर्यंत बांधून ठेवलेला असतो. यातली मेख अशी की पुढचा सीझन करायचा की नाही हा पर्याय स्टुडिओचा असतो, नटाचा नव्हे. नट कंटाळला म्हणून मधेच उठून जाऊ शकत नाही. स्टुडिओ मात्र सीझन संपल्यावर त्याला नारळ देऊ शकतो. सात हा आकडाही उगाच आलेला नाही. व्यक्तिगत सेवेचा करार सात वर्षांपलीकडे सक्तीने राबवता येत नाही, असा कॅलिफोर्नियाचा कायदा आहे. स्टुडिओ पूर्वी नटांना निलंबित करायचे आणि ते दिवस मुदतीत जोडून करार लांबवायचे. ऑलिव्हिया डी हॅविलंड या अभिनेत्रीने वॉर्नर ब्रदर्सविरुद्ध खटला लढवला आणि 1944 मध्ये निकाल आला की सात वर्षं म्हणजे कॅलेंडरची सात वर्षं.

त्यामुळे मालिका सहाव्या-सातव्या सीझनला पोचली की चाहत्यांनी जरा सावध बसावं. 'ॲरो'मधली फेलिसिटी (एमिली बेट रिकर्ड्स) सातव्या सीझनअखेर, 2019 मध्ये गेली. 'द फ्लॅश'मधला सिस्को (कार्लोस वाल्डेस) आणि वेल्स या पात्राची अनेक रूपं करणारा टॉम कॅव्हना हे दोघेही सातव्याच सीझनमध्ये, 2021 साली बाहेर पडले. या मालिकांचं चित्रीकरण कॅनडातल्या व्हँकुव्हरला व्हायचं आणि सीझनला वीस-बावीस भाग असायचे. म्हणजे वर्षातले आठ-नऊ महिने घरापासून लांब. सात वर्षं असं काढल्यावर नवा करार नको म्हणणाऱ्या माणसाला नावं ठेवण्यात अर्थ नाही.

दुसरी बाजू पैशाची. जुन्या नटांचं मानधन दर सीझनला वाढत जातं आणि मालिकेचं बजेट त्याच प्रमाणात वाढतंच असं नाही. 'सुपरमॅन अँड लोइस'च्या चौथ्या आणि शेवटच्या सीझनला (2024) हात आखडता घेतला गेला. भाग दहाच झाले, आणि आधीचे बरेच रेग्युलर मुख्य नामावलीतून बाहेर येऊन पाहुण्यासारखे अधूनमधून दिसले. गावातलं एखादं अख्खं कुटुंब अचानक 'कामात' असतं आणि चार-चार भाग फिरकत नाही, तेव्हा त्यामागे अनेकदा हाच हिशेब असतो.

कोणाच्या मर्जीने?

नटाच्या मर्जीने झालेला निरोप सहसा सगळ्यांत नीट लिहिलेला असतो, कारण लेखकांना आधीपासून माहीत असतं. 'लेजेंड्स'मधला प्रोफेसर स्टाइन करणाऱ्या व्हिक्टर गार्बरला ब्रॉडवेच्या रंगभूमीवर 'हॅलो, डॉली!'मध्ये काम करायचं होतं. मग नोव्हेंबर 2017 मध्ये चार मालिकांच्या एकत्र कथानकात त्याला मरण दिलं गेलं. स्टाइन आणि जॅक्स हे दोघे मिळून 'फायरस्टॉर्म' होतात, म्हणजे दोघांचे जीव एकमेकांत अडकलेले. स्टाइनला गोळ्या लागतात, जॅक्स त्याच्यात विलीन होऊन त्याला धरून ठेवतो आणि त्यामुळे दोघेही मरणाच्या वाटेवर येतात. शेवटी म्हातारा ते बंधन तोडणारं औषध स्वतःहून पितो आणि पोराला सोडवतो. स्टाइनच्या बायकोला आणि मुलीला ही बातमी सांगायचं कामही जॅक्सच्याच वाट्याला येतं. पात्राच्या शक्तीतूनच त्याचा निरोप काढला, म्हणून तो इतका लागला.

मालिकेच्या मर्जीने झालेला निरोप ओळखायला अवघड, कारण सगळे गोड बोलतात. त्याच मालिकेत रे पामर (ब्रँडन रूथ) आणि नोरा डार्क (कोर्टनी फोर्ड, रूथची प्रत्यक्षातली पत्नी) यांचं पाचव्या सीझनमध्ये लग्न लागलं आणि लगेच पुढच्या भागात, मार्च 2020 मध्ये, दोघं कालप्रवासाच्या जहाजावरून उतरली. कथेत हे सुखाचं जाणं होतं. नंतर रूथने जाहीरपणे सांगितलं की हा निर्णय आपला नव्हता. नवरा-बायको एकत्रच चालले होते, त्यामुळे प्रेक्षक रडले ते रे आणि त्याचा दोस्त नेट यांच्या ताटातुटीला.

तिसरा प्रकार चॅनेलच्या मर्जीचा, आणि त्याचा उत्तम नमुना 'एजंट्स ऑफ शील्ड'मध्ये आहे. बॉबी मोर्स (एड्रिअन पॅलिकी) आणि लान्स हंटर (निक ब्लड) ही जोडी स्वतंत्र मालिकेसाठी बाजूला काढायची ठरली. म्हणून मार्च 2016 मधल्या तिसऱ्या सीझनच्या भागात दोघांना संघटना सोडावी लागते. त्यांच्यावर पाळत असणार, त्यामुळे संघातल्या कोणालाही त्यांच्याशी जाहीर बोलता येत नाही. दोघं एका बारमध्ये बसलेली असतात. टेबलावर मद्याचा एक छोटा ग्लास येतो, मग आणखी एक. कोणी मागवले म्हणून मान वर करून बघतात, तर आपली माणसं वेगवेगळ्या कोपऱ्यांत, अनोळखी असल्यासारखी बसलेली. एकेकाशी फक्त नजरानजर होते. धिप्पाड मॅकच्या डोळ्यांत पाणी असतं. संपूर्ण प्रसंगात निरोपाचं भाषण नाही, आणि या प्रकारातला हा सर्वोत्तम प्रसंग आहे असं म्हणायला हरकत नाही. गंमत म्हणजे ज्या मालिकेसाठी हे सगळं केलं ती 'मार्व्हल्स मोस्ट वाँटेड' चॅनेलने दोनच महिन्यांत, मे 2016 मध्ये नाकारली. हंटर पाचव्या सीझनमध्ये एका भागापुरता परत आला; बॉबी आलीच नाही.

नट गेला तरी पात्र राहतं, असंही होतं. आपल्याकडे 1997 मध्ये दूरदर्शनवर सुरू झालेल्या 'शक्तिमान'मध्ये गीता विश्वास आधी किटू गिडवानी होती, मग वैष्णवी महंत आली, आणि पोरं तिलाच गीता मानून मोकळी झाली. 'सुपरमॅन अँड लोइस'मध्ये जॉर्डन एल्सास गेल्यावर जोनाथन केंट मायकल बिशपकडे आला. 'बॅटवुमन'ने मात्र दोन्ही वाटा चोखाळल्या. रुबी रोज पहिल्या सीझननंतर, मे 2020 मध्ये गेली, तेव्हा तो पोशाख रायन वाइल्डर या नव्या पात्राला (जाविशिया लेस्ली) दिला. आणि पुढे रोज करायची ती जुनी केट केनसुद्धा वॉलिस डे या दुसऱ्या अभिनेत्रीला घेऊन परत आणली. निरोप देऊन झालेल्या चाहत्यांची यात पार पंचाईत झाली.

आधी कळतं का?

बऱ्याचदा कळतं. सगळ्यांत खात्रीची खूण म्हणजे वारसदार. जाणाऱ्याचं काम करू शकेल असा कोणी हळूच शिरतो आणि रेग्युलर होतो. सिस्कोच्या बाबतीत चेस्टर सहाव्या सीझनमध्ये अधूनमधून दिसायला लागला आणि सातव्यात मुख्य नामावलीत आला. मग सिस्कोला 'आर्गस' या गुप्त सरकारी संस्थेकडून मोठ्या नोकरीचं बोलावणं आलं, आणि त्याच्या शेवटच्या भागाचं नावच 'गुड-बाय व्हायब्रेशन्स' ठेवलं होतं. वारसदार, बाहेरची संधी आणि शीर्षक एका रांगेत आले की समजून चुकावं.

दुसरी खूण नामावलीत. ज्याचं नाव सुरुवातीला यायचं तो 'स्पेशल गेस्ट स्टार' म्हणून दिसू लागला, तर करार बदललाय. ही खूण उलटीही वाचता येते. गेलेला नट पाहुणा म्हणून येऊ शकतो, आणि मालिकेच्या शेवटच्या भागात येण्याची शक्यता सगळ्यांत जास्त. फेलिसिटी जानेवारी 2020 मध्ये 'ॲरो'च्या अखेरच्या भागाला परतली. 'स्मॉलव्हिल'चा लेक्स लुथर (मायकल रोझेनबॉम) सातव्या सीझननंतर गेला होता, तोही मे 2011 मधल्या शेवटच्या भागात आला.

कधीकधी मात्र काही म्हणता काही कळत नाही. 'डेअरडेव्हिल: बॉर्न अगेन'च्या पहिल्याच भागात, मार्च 2025 मध्ये, नायकाचा वकील मित्र फॉगी नेल्सन सुरुवातीलाच मारला गेला. जुन्या नेटफ्लिक्स मालिकेपासून त्याच्यावर जीव लावणाऱ्यांना सावरायलाही वेळ मिळाला नाही.

यावर वाईट वाटणं बालिश आहे का, असं कोणी घरात विचारलं तर उत्तर तयार ठेवा. पडद्यावरच्या माणसाशी जडणाऱ्या एकतर्फी नात्यावर हॉर्टन आणि वोल या अभ्यासकांनी 1956 मध्येच लिहून ठेवलंय. 2004 मध्ये 'फ्रेंड्स' संपल्यावर प्रेक्षकांचा अभ्यास झाला, त्यात असं दिसलं की दुःख खरं असतं, पण प्रत्यक्ष नातं तुटल्याइतकं तीव्र नसतं. आणि पात्राशी नातं जितकं घट्ट तितकं ते जास्त.

नाशिकला एकत्र बघायचं तर

आधी घड्याळ. डिस्ने प्लसच्या मार्व्हल मालिकांचे नवे भाग अलीकडे अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर संध्याकाळी 6 वाजता येतात. आपण त्यांच्या पुढे उन्हाळ्यात साडेबारा तास, हिवाळ्यात साडेतेरा. म्हणजे आपल्याकडे दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहा किंवा साडेसात. हा बदल मार्चच्या दुसऱ्या रविवारी आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी होतो, आणि सीझन त्या तारखेवरून जात असेल तर एक आठवडा सगळे तासभर चुकतात. अंबड-सातपूरच्या कारखान्यांत पहिल्या पाळीला जाणाऱ्यांना ही वेळ जमणारच नाही. तेव्हा सरळ संध्याकाळी किंवा रविवारी सकाळी मिसळीआधी जमायचं ठरवा आणि तोवर ग्रुपवर बोलणं बंद. 'त्या विषयावर अक्षर नाही' एवढा एकच नियम पाळला जातो. 'जपून बोला' हा कोणीच पाळत नाही. फोनवरच्या नोटिफिकेशनमधला मजकूर लपवा आणि यूट्यूब उघडू नका. भाग येऊन तास होत नाही तोच व्हिडिओच्या थंबनेलवर मेलेल्या पात्राचा चेहरा आणि अश्रू असतात.

जागा कोणाच्या तरी घरचीच हवी. कॉलेजरोडचा कॅफे किंवा सोसायटीचा हॉल घेऊन ओटीटीवरचा भाग दाखवणं चालत नाही, कारण वर्गणी घरगुती वापरासाठी असते. सार्वजनिक दाखवण्याचे हक्क वेगळे. हॉल घ्यायचाच असेल तर तिथे प्रश्नमंजूषा ठेवा, पोशाख घालून या, चित्रं मांडा. भाग घरी बघून या.

दहा-बारा जणांना 55 इंची टीव्ही आणि आठ-नऊ फुटांचं अंतर पुरतं. सकाळची वेळ असेल तर प्रोजेक्टरच्या नादी लागू नका. खिडकीतून उजेड आला की रात्रीचे प्रसंग, आणि सुपरहिरो मालिकेत निम्मे प्रसंग रात्रीचेच, राखाडी दिसतात. प्रोजेक्टर लावलाच तर आदल्या दिवशी त्याच ॲपवर पाच मिनिटं चालवून बघा. आवाज येतो आणि चित्र काळं, हा हमखास होणारा घोटाळा आहे. कॉपी रोखणारी एचडीसीपी नावाची व्यवस्था वाटेतल्या प्रत्येक उपकरणाला ओळख विचारते. स्वस्तातला एचडीएमआय स्प्लिटर (एका केबलचं चित्र दोन पडद्यांना वाटणारी डबी) किंवा फोनचं स्क्रीन मिररिंग त्यात नापास होतं. उपाय म्हणजे ज्यात ॲप आहे ती स्टिक थेट प्रोजेक्टरला लावणे. मधे काही नको.

इंटरनेटला फुल एचडीसाठी साधारण 5 एमबीपीएस सलग मिळायला हवेत. त्याच हिशेबाने मोबाइल हॉटस्पॉटवर तासाला सव्वादोन ते तीन जीबी जातात, तेव्हा एकाच्या फोनवर तेवढा डेटा राखून ठेवा. महावितरणचा बंदचा मेसेज आलाय का तेही बघा. टीव्ही, एक पंखा, एक ट्यूब आणि राउटर मिळून 220 वॅटच्या आसपास होतात. 150 एएचची 12 व्होल्टची बॅटरी कागदावर 1800 वॅट-तास देते. जुनी झाल्यामुळे आणि गळतीमुळे निम्मी धरली तरी चार तास निघतात. चूक होते ती राउटरपाशी: टीव्ही इन्व्हर्टरच्या लाइनवर असतो आणि राउटर साध्या सॉकेटवर. सबटायटल्स चालू ठेवा. निरोपाचे संवाद कुजबुजत बोललेले असतात, आणि नेमकं तेव्हाच कोणीतरी चिवड्याची पिशवी उघडतं.

निरोपाची पुस्तिका

चाहत्यांनी मिळून काढलेली पुस्तिका हा या सगळ्यातला टिकणारा भाग, म्हणून त्यावर वेळ घालवावा. ए-फाइव्ह आकार, आतली 16 पानं आणि वेगळं कव्हर. पानांची संख्या चारच्या पटीत नसेल तर मधे कोरी पानं निघतात. 16 पानांना ए-फोरचे 4 कागद लागतात, म्हणजे 30 प्रतींना 120 कागद आणि 30 कव्हरं. आतला कागद 100 जीएसएम (कागदाचं वजन, म्हणजे जाडीचं माप) घ्या; नेहमीच्या 70 जीएसएमवर मागच्या पानाची शाई दिसते. कव्हरला 250 जीएसएमचं आर्ट कार्ड. बारा पॉइंटात एका पानावर दीड-पावणेदोनशे शब्द बसतात. लिहिणाऱ्यांना हा आकडा आधीच सांगा, नाहीतर एकजण फेलिसिटीवर सहा पानं पाठवतो आणि बाकीचे लिहायचेच थांबतात.

मजकूर युनिकोडमध्येच मागवा. कोणी जुन्या फॉन्टमध्ये टाइप करून दिलं तर दुसऱ्या संगणकावर त्याचं गिचमिड होतं. शालिमार-मेनरोडकडच्या छपाईवाल्याला वर्डची फाइल देऊ नका, फॉन्ट आत बसवलेली पीडीएफ द्या; वर्डची फाइल त्याच्याकडे उघडली की जोडाक्षरं फुटतात, 'शक्ती'चा 'शक् ती' होतो. दोन्ही बाजूंच्या छपाईत 'शॉर्ट एज' (कागद आखूड कडेवरून उलटणारा पर्याय) निवडायला सांगा. 'लाँग एज' राहिलं तर प्रत्येक कागदाची मागची बाजू उलटी छापली जाते, आणि हे पहिली प्रत दुमडल्याशिवाय लक्षात येत नाही. म्हणून एकच प्रत काढून, दुमडून, पानांचे क्रमांक बघून मगच बाकीच्या सोडा.

रंगांत निळा दगा देतो. स्क्रीनवरचा चकचकीत निळा हा प्रकाशाचा रंग. छपाई सायन, मजेंटा, पिवळा आणि काळ्या शाईची. मजेंटा जास्त झाला की सुपरगर्लचा निळा पोशाख जांभळट होतो. सायन 100 असेल तर मजेंटा 70च्या आत ठेवा. मालिकेचे अधिकृत फोटो आणि लोगो वापरू नका, स्वतः चित्रं काढा. आणि पुस्तिका विकू नका, खर्च वाटून घ्या.

पिना मारायला लांब दांडीचा स्टेपलर लागतो. दुमडीची रेघ कागदाच्या कडेपासून 14.8 सेंटीमीटर आत असते आणि घरातला स्टेपलर तिथवर पोचत नाही. पिन कव्हरच्या बाहेरून आत जावी, टोकं मधल्या पानावर दुमडावीत. आतली पानं दुमडल्यावर मिलीमीटरभर बाहेर येतात, त्यामुळे बाहेरच्या कडेला मजकूर आणि कड यांत 12 मिलीमीटर मोकळे सोडा, म्हणजे कटरने कड सारखी करताना अक्षरं कापली जात नाहीत.

एक प्रत नटाला पाठवायची असेल तर त्याच्या घरचा पत्ता शोधत बसू नका. तो मिळाला तरी वापरू नये. त्याचं काम बघणाऱ्या एजन्सीचा पत्ता जाहीर असतो, तिकडे पाठवा. सेटवर पाठवून उपयोग नाही, कारण आपण भाग बघतो तोवर त्याचं चित्रीकरण संपून बरेच आठवडे, कधी कित्येक महिने झालेले असतात. मुख्य टपाल कार्यालयात जाऊन त्या देशाची सेवा चालू आहे का ते आधी विचारा, कस्टमच्या फॉर्मवर 'छापील पुस्तिका, विक्रीसाठी नाही' असं इंग्रजीत लिहा, आणि पाकिटात मराठी मजकुराचा पानभर इंग्रजी गोषवारा टाका.